इंग्रजी शिकवणार आहे, पण इंग्रजीत स्वतःसाठी चार ओळी कधी लिहिल्या नाहीत

विक्रोळीची_वाचक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र होते. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड इंग्रजी. सध्या इंटर्नशिप चालू आहे, एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीचा वर्ग मिळालाय. मागच्या आठवड्यात तिथे एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

आईवर इंग्रजीत आठ-दहा ओळी लिहून आणायला सांगितलं होतं. एक्केचाळीस वह्या आल्या. त्यातल्या छत्तीस वह्यांत एकच मजकूर. ‘माय मदर इज अ हाउसवाइफ. शी गेट्स अप अर्ली इन द मॉर्निंग. शी कुक्स टेस्टी फूड. आय लव्ह माय मदर व्हेरी मच.’ गाइडमधला उतारा. आता या वर्गातल्या किती आया नुसत्या घरी असतात? पालकसभेला आलेल्यांपैकी एक मासळी विकते, दोघी हाउसकीपिंगला जातात, एकीची रात्रपाळी असते म्हणून ती तशीच झोप न घेता आली होती. पोरांनी त्या सगळ्यांना हाउसवाइफ करून टाकलं, कारण गाइडमध्ये तसं आहे.

एका मुलाने मात्र स्वतःचं लिहिलं होतं. पाचच ओळी. ‘माय मदर हँड स्मेल गार्लिक. शी पील टेन केजी. हॉटेल गार्लिक. मॉर्निंग रोटी ऑल्सो स्मेल. आय नॉट लाइक बट आय ईट.’

मी लाल पेन घेऊन बसले होते. प्रत्येक ओळीत चूक. क्रियापदाला एस नाही, आर्टिकल नाही, एका वाक्यात तर क्रियापदच नाही. शाळेने जी पद्धत सांगितलीय तिच्याप्रमाणे पाचपैकी दोन गुण दिले. गाइडवाल्यांना चार-चार. वह्या परत दिल्या, पोरगा काही बोलला नाही, वही दप्तरात टाकली. घरी येताना गाडीत जागा मिळाली, पिशवीत पुस्तक होतं, पण ते काढावंसं वाटेना. त्या पाच ओळी वाचताना मला खरोखर वास आला होता. आणि मी दोन गुण दिले होते.

आता माझं सांगते, म्हणजे प्रश्न कळेल.

आमचे आजोबा गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर गिरणी सुटली ती सुटलीच. पुढे आम्ही परळहून कन्नमवारनगरला आलो. आजोबा रोज सकाळी पेपर मोठ्याने वाचायचे. अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळं. आजी मटार सोलत नाहीतर भाजी निवडत ऐकायची, मध्येच ‘परत वाचा ते’ म्हणायची. मी तिच्या मांडीला टेकून बसायचे. मला अक्षरं कधी यायला लागली ते आठवत नाही. एक दिवस आजोबा चष्मा शोधत होते तोवर पुढची ओळ मी वाचली, एवढं आठवतं. मग वाचनालयाची वर्गणी, दिवाळीनंतर अंकांची चळत, शाळेच्या सुट्टीत दिवसाला एक पुस्तक. माझं मराठी वाचन हे असं घरातूनच आलं. ते कुणी शिकवलं नाही.

इंग्रजी आलं ते विषय म्हणून. २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, आम्ही त्याच्या लगेच नंतरची मुलं. म्हणजे पहिलीपासून बी.ए.पर्यंत पंधरा वर्षं मी इंग्रजी शिकले. बी.ए.ला इंग्रजी साहित्य घेतलं, पहिला वर्ग मिळाला. आणि हे आज पहिल्यांदा कुठेतरी लिहितेय, त्या तीन वर्षांत नेमलेली एकही कादंबरी मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली नाही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे नोट्स मिळायच्या. सारांश, पात्रचित्रणं, संभाव्य प्रश्न. त्या पाठ केल्या.

बी.एड.ला वाचून त्यावर चिंतन लिहायचा एक विषय आहे. त्यात आम्हाला आपलं वाचनाशी आणि लेखनाशी काय नातं आहे ते इंग्रजीत लिहायचं होतं. मी बसले आणि पहिलं वाक्य लिहिलं, ‘बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स.’ आजोबा नाहीत, मटार नाही, चष्मा नाही. माझ्या हातूनही गाइडच उतरलं. तेव्हा ते जाणवलं नव्हतं. त्या छत्तीस वह्या तपासताना जाणवलं.

तर प्रश्न असा. ज्या भाषेत मी स्वतःहून कधी काही वाचलं नाही, परीक्षेबाहेर एक ओळ लिहिली नाही, ती मी कुणाला शिकवू शकते का? तुमच्यापैकी जे इंग्रजी शिकवतात, किंवा मराठी शाळेतून जाऊन ज्यांना इंग्रजी आपलंसं झालं, त्यांचं हे नातं कसं जुळलं? मनापासून विचारतेय.

---

निळी_शाई

वाचनखूण साठवली. लसणीच्या ओळी वाचून गलबलून आलं.

---

खडूफळा

मुली, मी गिरगावात एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. आमच्या वेळी पाचवीपासून इंग्रजी असायचं. पोरगं दहा वर्षांचं झाल्यावर पहिल्यांदा ए, बी, सी गिरवायचं.

आधी कामाचं बोलतो. त्या मुलाला वही पुन्हा माग. दिलेले गुण खोडू नकोस, त्याने गोंधळ होतो. खाली एक प्रश्न लिही, इंग्रजीतच, साधा. ‘हू ब्रिंग्ज द गार्लिक?’ एवढाच. बघ तो उत्तर देतो का. मुलांच्या लेखनाला गुण सगळे देतात, उत्तर कुणी देत नाही. ज्याला आपल्या लिहिण्याला उत्तर मिळतं तो पुन्हा लिहितो, हे मी शेकड्यांनी पाहिलंय.

दुसरं, पहिल्या वाचनात हातात पेन धरायचं नाही. मला हे कळायला बारा वर्षं लागली. पेन हातात असलं की डोळा चूकच शोधतो. मी वह्यांचा गठ्ठा एकदा नुसता वाचून काढायचो, चहा पीत. दुसऱ्या फेरीला पेन. आणि एका वेळी एकाच जातीची चूक धरायची. या आठवड्यात फक्त क्रियापदाचा एस. बाकी सगळं सोडून द्यायचं. अख्खं पान लाल झालं की पोरगं कुठलीच चूक वाचत नाही, फक्त लाल रंग बघतं.

आता तुझ्या मूळ प्रश्नाचं. मी इंग्रजी शिकलो ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, वडिलांच्या धाकाने. वाक्यं मराठीतून इंग्रजीत, इंग्रजीतून मराठीत. कंटाळा यायचा. पण स्पेलिंगमधल्या मुक्या अक्षरांनी मला धरून ठेवलं. ‘नी’ म्हणजे गुडघा, त्याच्या आधी तो ‘के’ कशाला? नोकरीला लागल्यावर एका जुन्या शब्दकोशात वाचलं की कधीकाळी तो ‘के’ उच्चारला जायचा. तोंडातून गेला, कागदावर राहिला. ‘डेट’ म्हणजे कर्ज, त्यातल्या ‘बी’ची गोष्ट उलटी. तो शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हताच. पुढे पंडितांनी लॅटिन मुळाशी नातं दिसावं म्हणून घातला. म्हणजे एक अक्षर म्हाताऱ्या भाडेकरूसारखं राहिलेलं आणि दुसरं मागाहून मानाने आणून बसवलेलं. हे वर्गात सांगितलं की पोरं अशी बघायची! त्या दोन शब्दांचं स्पेलिंग माझ्या वर्गात परत चुकलं नाही.

मुलं म्हणतात इंग्रजी लबाड भाषा, लिहितात एक आणि वाचतात एक. तेव्हा मी फळ्यावर ‘जग’ लिहायचो. वाचा म्हणायचो. अर्धी पोरं दुनिया या अर्थाने वाचायची, अर्धी ‘तू जग’ या अर्थाने. अक्षर तेच, जीभ वेगळीकडे लागते. ‘जरा’ घ्या, थोडंसं आणि म्हातारपण. आपल्या च आणि ज चे दोन-दोन उच्चार आपण लिहितो कुठे? पण आपल्याला ते कुणी शिकवावे लागले नाहीत, कारण आपण ते ऐकले. तुझ्या आजोबांनी तुला तेच दिलं. इंग्रजीत तुझ्या वाट्याला ऐकणं आलंच नाही.

---

शेवटचा_बाक

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका ताई.

मी घाटकोपरला दहावीचे क्लासेस घेतो. बोर्डाचा इंग्रजीचा लेखी पेपर ८० गुणांचा, २० गुण शाळेकडे. पास व्हायला ३५ लागतात. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांच्या घरी इंग्रजीचा एक शब्द येणारं माणूस नाही. अशा मुलाला ‘स्वतःचं लिही’ म्हटलं की तो कोरा कागद देतो. त्याला पाठ केलेला उतारा म्हणजे हातातली काठी आहे. ती आधी काढून घेऊ नका.

मी स्वतः वरळीच्या बीडीडी चाळीतला. पहिल्या मुलाखतीला ‘टेल मी समथिंग अबाउट युअरसेल्फ’चं उत्तर मी शब्दन् शब्द पाठ करून गेलो होतो. त्यावर नोकरी लागली. आईचा आजार त्या पगारावर निघाला. ते उत्तर माझं नव्हतं, पण पगार माझा होता.

तुमच्या त्या मुलाला बोर्डात कुणी लसणीच्या वासाला गुण देणार नाही. तपासणाऱ्याकडे गठ्ठे असतात. म्हणून म्हणतो, भावना बरोबर आहे, पण त्याला क्रियापदाचा एस आलाच पाहिजे.

---

विक्रोळीची_वाचक

@खडूफळा सर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. उद्याच वही मागते. ‘ऐकणं आलंच नाही’ हे वाचून थांबले. खरंच, पंधरा वर्षांत मला इंग्रजीतून कुणी गोष्ट वाचून दाखवल्याचं आठवत नाही. धडा वाचून दाखवला, तोही लगेच मराठीत अर्थ सांगत.

@शेवटचा_बाक दादा, राग कसला. तुमच्या आईचं वाचलं. तुम्ही म्हणता ते मला पटतं आणि तरी अडतं. कारण मी तुमच्या काठीचीच गोष्ट पुढे सांगतेय. मी ती काठी बी.ए.पर्यंत वापरली, आणि आता काठीशिवाय पाऊल पडत नाही. त्या मुलाला एस शिकवायलाच हवा. पण तो ज्या वाक्यात शिकवायचा, ते वाक्य त्याचं का असू नये? ‘शी कुक्स टेस्टी फूड’मध्ये जो एस आहे तोच ‘शी पील्स गार्लिक’मध्ये पण आहे ना?

---

शेवटचा_बाक

हे मान्य. एस दोन्हीकडे सारखाच. याचा विचार मी केला नव्हता.

---

टॅक्सी_स्टँड

इंग्रजीतून विचार करायला शिका म्हणजे सगळं सुटेल. आरशासमोर उभं राहून रोज अर्धा तास बोला. मी तसंच केलं.

---

दोन_रकाने

@टॅक्सी_स्टँड, तुम्हाला उपयोग झाला हे चांगलंच. पण धागाकर्तीला मी ते सांगणार नाही. मी अनुवाद करते, बावीस वर्षं झाली, आणि माझा अनुभव उलटा आहे. मराठीतून विचार करणं सोडलं की हातात तयार वाक्यंच उरतात, मग ‘बुक्स आर अवर बेस्ट फ्रेंड्स’ येतं.

बघा, आपण म्हणतो ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’, ‘मला तिची आठवण येते’. भूक येते, ताप येतो, आठवण येते, आणि आपण तिथे असतो, आपल्याला ते होतं. इंग्रजीत ‘आय’ आधी उभा राहतो आणि मग सगळं त्याच्याकडे असतं किंवा तो ते करतो. आय हॅव फीव्हर. आय मिस हर. माझ्या लहानपणी ‘आय’ हे अक्षर नेहमी मोठं लिहायचं असं सांगितलं तेव्हा मला फार संकोच वाटला होता, मी सगळ्यांत मोठी कशी? हा व्याकरणाचाच प्रश्न आहे, पण मराठी मुलाच्या मनात तो आधी वेगळ्या जागी लागतो. शिक्षिकेला ही जागा ठाऊक असेल तर ती मुलाच्या चुकीत त्याची मराठी बघू शकते. ‘मॉर्निंग रोटी ऑल्सो स्मेल’ हे वाक्य बघा. ‘सकाळच्या चपातीलाही वास येतो’ हे मराठी त्याखाली सरळ दिसतं. त्याला वाक्यरचना येत नाही असं मी म्हणणार नाही. त्याला एक रचना पक्की येते, आता दुसरी शिकायची आहे.

याच मुंबईत ६ जानेवारी १८३२ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं. त्याच्या पानावर दोन रकाने असायचे, एकात इंग्रजी आणि शेजारी मराठी. मला ते पान नेहमी आठवतं. एक भाषा पुसून दुसरी लिहा असं त्यात नव्हतं. आणि विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते, मुंबईच्या कॉलेजांतून त्यांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं, आणि लिहिलं मराठीत. शेक्सपिअरचा लिअर मराठीत आणला. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाचं वाचन मराठीत मुरलेलं असणं हा उणेपणा आहे असं तुला कुणी सांगितलं, तर ऐकू नकोस गं.

एक उपाय सुचवते, करून बघ. तो चिंतनाचा निबंध आधी मराठीत लिही. आजोबा, आजी, मटार, सगळं. मग पान उभं दुमड आणि शेजारच्या रकान्यात इंग्रजीत लिही. जिथे शब्द अडेल तिथे जागा सोड. ‘निधनवार्ता’ला काय म्हणायचं, ‘चळत’ला काय म्हणायचं, ते शोधायला तुला खरी इंग्रजी पुस्तकं उघडावी लागतील. परीक्षेसाठी उघडलेलं पुस्तक आणि एका शब्दासाठी उघडलेलं पुस्तक यांत फार फरक आहे.

---

पाळी_सुटली

मी इथे फारसं लिहीत नाही. आज लिहितो.

मी रात्रशाळेत शिकलो. दिवसा एका ऑफिसात शिपाई, संध्याकाळी साडेसहाला शाळा. दहावी झालो तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. वर्गात कॅन्टीनची पोरं, हमाल, लिफ्टमन. इंग्रजीच्या बाई पन्नाशीच्या होत्या, त्याही दिवसभर दुसऱ्या शाळेत शिकवून यायच्या. पुस्तक आम्हाला डोईजड जायचं. मग त्या म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही दिवसभरात जे इंग्रजी बघता ते लिहून आणा. मी बसच्या पाट्या, लिफ्टवरची सूचना, साहेबाच्या टेबलावरच्या पाकिटांवरचं असं काय काय लिहून न्यायचो. त्यावरच धडा व्हायचा.

एकदा मला गावी जायचं होतं, वडील आजारी. रजेचा अर्ज ऑफिसातला क्लार्क लिहून द्यायचा, सगळ्यांना एकच मजकूर, ‘सफरिंग फ्रॉम फीव्हर’. मी बाईंना विचारलं आणि स्वतः लिहिला. चार ओळी. ‘माय फादर इज इल. ही इज अलोन. आय वॉन्ट टू गो. आय विल कम बॅक ऑन मंडे.’ साहेबांनी वाचला. मान वर करून बघितलं आणि विचारलं, वडिलांना काय झालंय. त्याआधी पाच वर्षांत साहेबांनी मला माझ्या घरचं काही विचारलं नव्हतं.

ताई, तुम्ही विचारलंत नातं कसं जुळलं. माझं असं जुळलं. वाचायला मी अजूनही हळू आहे. पण अर्ज मी कुणाकडून लिहून घेत नाही.

---

निळी_शाई

@पाळी_सुटली, असेच लिहीत राहा. कृपया.

---

खडूफळा

त्या रात्रशाळेच्या बाईंना माझा नमस्कार. असं बी.एड.च्या पुस्तकात सापडत नाही.

विक्रोळीकर, वहीचं काय झालं?

---

विक्रोळीची_वाचक

उशीर झाला, माफ करा. जवळजवळ तीन आठवडे झाले. पाठांची टाचणं, परीक्षा, त्यात गाड्यांचा गोंधळ. पण बरंच काही झालंय, सविस्तर लिहिते.

आधी माझं. दोन रकान्यांचा निबंध लिहिला. मराठी रकाना अर्ध्या तासात भरला, इंग्रजी रकान्याला चार दिवस लागले. ‘परत वाचा ते’ हे आजीचं वाक्य इंग्रजीत कसं आणायचं यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. ‘रीड दॅट अगेन’ म्हटलं तर ती हुकूम सोडते असं वाटतं. ‘प्लीज’ लावलं तर ती आजीच राहत नाही. ‘वाचा’मधला तो आ, नवऱ्याला अहो-जाहो करणारा, इंग्रजीत कुठे ठेवायचा? शेवटी मी एक वाक्य जोडलं, की ती त्यांना कधी नावाने हाक मारायची नाही. म्हणजे जे मराठीत क्रियापदाच्या एका कान्यात होतं त्याला इंग्रजीत वेगळं वाक्य लागलं. हे मला कुठल्या नोट्समध्ये मिळालं असतं?

दुसरं, खडूफळा सरांनी ऐकण्याचं म्हटलं ते धरून मी माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे गेले आणि मुलांसाठीचं एक पातळ इंग्रजी पुस्तक घेतलं. रोज रात्री आईला मोठ्याने वाचून दाखवते. आईला इंग्रजी फारसं येत नाही. ती भाजी निवडत ऐकते. कालच मध्ये म्हणाली, थांब, तो कुत्रा आधी कुठे होता? मी मागचं पान उलटून परत वाचलं. पुस्तक संपायला चार पानं उरलीत.

तिसरं म्हणजे वही. विक्रोळी ते दादर, रोज जाताना चार ओळी इंग्रजीत लिहिते. कुणाला दाखवत नाही. लिहिताना एक सापडलं ते वर्गात वापरलं, ते सांगते, कारण आर्टिकल हा आमचा सगळ्यांचा छळ आहे. मराठीत ते नाहीच, त्यामुळे ‘अ’ कुठे आणि ‘द’ कुठे हे नियम पाठ करूनही चुकतं. मी वहीत लिहिलं होतं, ‘अ वुमन गॉट इन विथ अ बॉक्स ऑफ बँगल्स.’ पुढची ओळ आपोआप आली, ‘द वुमन पुट द बॉक्स ऑन द फ्लोअर.’ मी थांबले. हे तर आपण मराठीत करतोच. ‘एक बाई चढली. त्या बाईने पेटी खाली ठेवली.’ गोष्ट सांगताना पहिल्यांदा ‘एक’, मग ओळख झाली की ‘ती’. सगळीकडे हे जुळत नाही, ठाऊक आहे मला. पण दार उघडायला पुरे आहे.

दुसऱ्या दिवशी टाचण बाजूला ठेवलं. वर्गात म्हटलं, मी गाडीत चढतेय, मला कुणी ओळखत नाही, मी काय? पोरं ओरडली, ‘अ टीचर!’ आता मी तुमच्या वर्गात आले, मी काय? क्षणभर शांतता. मग मागून एक मुलगी म्हणाली, ‘द टीचर.’ पुढचा अर्धा तास वर्गात नुसती माणसं चढत-उतरत होती. अ पोलीस, द पोलीस. अ भेळवाला, द भेळवाला. मार्गदर्शक बाई मागे बसल्या होत्या. निरीक्षणवहीत त्यांनी ‘टाचणाप्रमाणे पाठ नाही’ असा शेरा मारला आहे. तो बरोबरच आहे. पण तास संपल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, त्या बाई-पेटीची दोन वाक्यं लिहून देतेस का, माझ्या सातवीला घेईन.

आता तो मुलगा. वही मागितली तेव्हा आधी घाबरला. सरांनी सांगितलेला प्रश्न लिहून दिला, ‘हू ब्रिंग्ज द गार्लिक?’ दोन दिवस वही परत आली नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत टेबलावर ठेवून पळाला. एका शब्दात उत्तर, ‘मॅन.’ मी खाली लिहिलं, ‘विच मॅन?’ असं चालू राहिलं. एक प्रश्न, एक उत्तर. एका आठवड्याला फक्त एसवर खूण करायची असं ठरवून टाकलं होतं, तेवढीच केली. आर्टिकलच्या तासानंतर मी काही विचारलं नव्हतं, तरी वही आली. त्यातल्या ओळी त्याला विचारून इथे देतेय.

‘अ मॅन ब्रिंग्ज अ बॅग. द बॅग इज बिग. माय मदर पील्स द गार्लिक. आय ऑल्सो पील आफ्टर स्कूल. नाइट द मॅन टेक्स द गार्लिक. इन अवर हाउस इज मच गार्लिक. बट द गार्लिक इज नॉट अवर्स.’

---

दोन_रकाने

‘द गार्लिक इज नॉट अवर्स.’ या ‘द’ला काय म्हणू? मी बावीस वर्षं शब्द लावतेय.

---

शेवटचा_बाक

ताई, ती बाई-पेटीची वाक्यं मी उद्या क्लासमध्ये घेतोय. आणि माझ्या नववीच्या बॅचला आईवरचा उतारा द्यायचा होता, तो आज दिला नाही. आधी त्यांना मराठीत विचारलं की आई काय काम करते. वीस मिनिटं त्यातच गेली. उतारा देईन, पण दोन ओळी गाळून देईन, त्या त्यांनी भरायच्या. एवढं सध्या जमेल.

---

पाळी_सुटली

त्या पोराला सांगा, एका काकांनी वाचलं. त्यांनाही कळलं.

---

खडूफळा

‘नाइट’च्या आधी ‘अ‍ॅट’ राहिलाय, तो पुढच्या आठवड्याला. वही परत दिलीस ना त्याला?

---

विक्रोळीची_वाचक

हो सर, आजच दिली. इंटर्नशिपचा उद्या शेवटचा दिवस. पाचपैकी काय द्यायचं ते माझ्या हातात नव्हतं, कारण हे गृहपाठात धरलेलं नाही. खाली लिहिलं, ‘आय रीड धिस टू माय मदर.’ खरंच वाचून दाखवलं होतं, आधी इंग्रजीत, मग मराठीत. आई म्हणाली, परत वाच.

त्याला विचारून ते पान शाळेसमोरच्या दुकानात झेरॉक्स करून घेतलंय.